नानांचे पक्के टाके

घरात नव्याने आलेल्या प्रत्येक माणसाला नाना वायरीला जीभ लावायला लावत. मी लग्न होऊन बुऱ्हाणपूरला आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, सत्यनारायणाची भांडी अजून मोरीत पडलेली असताना त्यांनी मला वरच्या खोलीत बोलावलं. खोलीच्या भिंतींना लागून कमरेएवढ्या उंचीवर रुंद फळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्या फळ्यांवर लहान रेल्वेचे रूळ पसरले होते. माझे सासरे धुतलेल्या बनियनवर उभे होते. त्यांनी दोन वायरींची सोललेली टोकं माझ्यासमोर धरली, एक लाल, एक काळी, आणि म्हणाले, "जीभ लाव."

मी दाराकडे पाहिलं. तिथे सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली, म्हणजे लाव. मी लावली. जिभेला काहीतरी कडकडून चावलं, तोंडभर जुन्या तांब्याची चव पसरली आणि डोळ्यांत पाणी आलं, पण मी आवाज केला नाही. नाना माझ्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते. मग त्यांनी बटण बंद केलं. "बारा व्होल्ट हायेत. मरत नाही कोनी," ते म्हणाले. "बोंबलली नाही. चालशीन तू."

त्या घरातलं माझं स्वागत ते एवढंच. पुढे कळलं की पाहुणे, भाडेकरू, गॅसचा सिलिंडर आणणारा, सगळ्यांना नानांनी कधी ना कधी ती चव दिली होती. जो ओरडला त्याला ते आयुष्यभर हसत. जो गप्प राहिला त्याला ते कामाला लावत.

नाना एका कागद कारखान्यात इलेक्ट्रिक फोरमन होते. त्यांच्या हाताखालचे लोक त्यांना अजूनही रस्त्यात पाहिलं की सायकलवरून उतरत. रेल्वे मुळात माझ्या नवऱ्यासाठी, प्रशांतसाठी, घरात आली होती. कारखान्यात मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनियरने जाताना "तुमच्या मुलाला द्या" म्हणून एक इंजिन, चार डबे आणि रुळांचा गोल नानांना दिला. प्रशांतने ती एक संध्याकाळ चालवली आणि इंजिन फळीवरून खाली पाडलं. नाना रागावले नाहीत, हात उगारला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते रोज त्याला फळीसमोर उभं करायचे, जुन्या बनियनच्या चिंधीने त्याचे हात पाठीमागे बांधायचे आणि गाडी चालवून दाखवायचे. "डोळ्यानं खेळ," म्हणायचे. हे मला प्रशांतने लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही हसत हसत. तो त्या खोलीत पुन्हा कधी गेला नाही. नानांना जेवायला बोलवायचं तरी जिन्यातून हाक मारी. आता तो केळीच्या आडतीवर कामाला आहे. पहाटे जातो, दिवस मावळता येतो, आणि मला वाटतं त्याला ते बरंच वाटतं.

निवृत्त झाल्यावर नानांनी ती रेल्वे वाढवायला घेतली. रूळ मुंबईहून मागवले, पण वायरिंग सगळं स्वतःचं. त्यांनी मला ते शिकवलं, म्हणून मला माहीत आहे. अशा रेल्वेत रूळ हीच वायर असते. एका रुळातून करंट येतो, इंजिनाच्या चाकांतून मोटरमध्ये जातो, दुसऱ्या रुळातून परत जातो. पण रुळांचे तुकडे एकमेकांना नुसत्या पत्र्याच्या क्लिपने जोडलेले असतात. धूळ बसते, गंज चढतो, आणि लांबवर गेलेली गाडी दम लागल्यासारखी रांगायला लागते. म्हणून फळीखालून दोन जाड वायरी सगळीकडे फिरवायच्या, एक लाल, एक काळी, आणि थोड्या थोड्या अंतरावर फळीला भोक पाडून त्यातून बारीक वायर वर घ्यायची, आणि रुळाच्या बाहेरच्या अंगाला टाका मारायचा. रूळ आधी पॉलिश पेपरने घासायचा. त्यावर कथील चढवायचं, वायरीच्या टोकावरही चढवायचं, मग दोन्ही एकत्र धरून सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवायचं. जास्त वेळ टेकवलं तर रुळाखालच्या प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे स्लीपर, वितळतात. कमी टेकवलं तर टाका कच्चा.

कच्च्या टाक्याइतका राग नानांना कशाचाच नव्हता. प्रत्येक टाका थंड झाला की ते वायर चिमटीत धरून जोरात ओढत. "सुटला तं तो टाका नव्हताच," म्हणत. "माणसाचंबी तसंच पाह्याव. ओढून." आणि ते पाहतही तसंच. सासूबाईंच्या माहेरचं माणूस आलं की नाना त्यांच्यासमोर सासूबाईंना काहीतरी असं बोलत की एखादीने ताट टाकून उठावं. त्या उठत नसत. मग नाना खूश होऊन आणखी एक पोळी मागत.

सासूबाईंना मी आई म्हणते. आईंची जागा फळीखाली होती. बारीक वायर खालून भोकातून वर सारायची आणि नाना वर टाका मारेपर्यंत ती पक्कडीने अजिबात न हलवता धरायची, हे त्यांचं काम. फरशीवर चटई टाकून त्या उताण्या पडत. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखणारी, साडीचा पदर तोंडावर घेऊन पडलेली. पदर कशासाठी, तर वरून भोकातून कधी कधी वितळलेलं कथील टपकायचं. त्यांच्या कोपराखाली त्याचे डाग होते, वाटाण्याएवढे, पांढरट. नाना बोलून सांगत नसत. टाका झाला की टाचेने जमिनीवर ठोकत, मग आईंनी पक्कड सोडायची. ठोका पडेपर्यंत खोकायचंसुद्धा नाही. एकदा त्यांना शिंक आली तर नानांनी तो टाका उपटला, पुन्हा मारला, पुन्हा उपटला, पुन्हा मारला, आणि तोवर आईंना वर येऊ दिलं नाही. मी चहा घेऊन उभी होते. चहा गार झाला.

मग नानांचे हात थरथरू लागले. सुरुवातीला त्यांनी ते कोणाला कळू दिलं नाही. टाके बिघडायचे आणि त्याचं खापर कथलावर, वायरीवर, व्होल्टेजवर आणि शेवटी आईंवर फुटायचं. "खालून हलवती. मुद्दाम हलवती," असं ते मला सांगत, आई तिथेच खाली पडलेल्या असताना. एका दुपारी फळीवरच्या छोट्या स्टेशनाजवळचे स्लीपर ओळीने वितळले आणि खोलीभर जळक्या प्लास्टिकचा वास भरला. नानांनी आपला उजवा हात डाव्या हाताने धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. दिवसभर लोकांच्या शिरा शोधून सुई घालायची.

"तू रगत काढते ना?" ते म्हणाले. "मंग हात थिर असंल. ये इकडे."

ते निर्दय मास्तर होते. स्टीलची पट्टी घेऊन शेजारी उभे राहत आणि आयर्न जास्त वेळ टेकलं की बोटांच्या पेरांवर मारत. लॅबमध्ये माझ्या सुजलेल्या बोटांकडे पाहून डॉक्टरांनी विचारलं होतं, घरी सगळं ठीक आहे ना. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ते काम आवडायला लागलं होतं. कथील वितळून एकदम आरशासारखं चमकतं आणि वायर रुळाला धरून बसते, तो क्षण मला फार आवडे. आणि आपण टाके मारलेल्या वळणावरून गाडी जराही न अडखळता, एका लयीत गेली, की नाना फक्त नाकातून एक श्वास सोडत. त्या श्वासासाठी मी लॅबमधून सुटल्यावर इतवारा बाजारातली भाजी घेऊन धावत घरी येत असे. आई खाली चटईवर असत. त्यांच्याकडे पाहायला मला तेव्हा सुचत नसे.

त्या वर्षी नानांनी एक अवघड गोष्ट मनावर घेतली. गाडीने स्टेशनातून निघायचं, पुढे मोठा वळसा घेऊन त्याच रुळावर उलटं यायचं आणि स्टेशनात परतायचं. दिसायला सोपं आहे. पण रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळतो तेव्हा डावा रूळ उजव्याला चिकटतो, लाल काळ्याला भेटते आणि सगळं ठप्प होतं. त्यासाठी वळशाचा तुकडा दोन्ही टोकांना कापून वेगळा करावा लागतो आणि त्याला स्वतःच्या वायरी आणि स्वतःचं बटण द्यावं लागतं. दसऱ्याला कारखान्यातली जुनी मंडळी पाहायला येणार होती. नानांनी स्वतः फोन करून सगळ्यांना सांगितलं होतं.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही ते टाके मारत होतो. सकाळी आई म्हणाल्या होत्या की डोकं जड झालंय, हाताला मुंग्या येताहेत. नाना म्हणाले, पडूनच तर राह्यचं हाये तुले. त्या पडल्या. चार टाके नीट झाले. पाचव्याला मी आयर्न टेकवलं आणि आईंनी खालून धरलेली वायर हलायला लागली. आधी थोडी, मग जोरात, भोकात वरखाली. नानांनी टाच आपटली. "हलवू नको," ते म्हणाले. वायर हलतच राहिली. मग ती सुळकन भोकातून खाली गेली.

मी आयर्न ठेवलं. नानांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरत होता, पण पकड घट्ट होती.

"रूळ गरम हाये," ते म्हणाले. "मी वायर घालतो. पह्यले टाका पुरा कर, मंग पाहू तिले काय झालं ते."

मी हात सोडवून घेतला आणि खाली बसले. आईंचा पदर तोंडावरून सरकला होता. अर्धा चेहरा ओघळला होता. डोळे उघडे होते आणि त्या फळीच्या खालच्या बाजूकडे पाहत होत्या. मी त्यांना काखेत धरून बाहेर ओढलं, खिडकीतून शेजाऱ्यांना हाका मारल्या, चौघांनी त्यांना चादरीत घालून जिन्याने उतरवलं. वळणावर मी मागे पाहिलं. नाना आयर्न घेऊन रुळावर वाकले होते. ते दवाखान्यात आले नाहीत.

दोन दिवसांनी आले. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, सलाइनकडे पाहिलं, नर्सला सांगितलं की थेंब फार जलद पडताहेत. मग आईंना म्हणाले, "तो टाका झाला. पक्का बसला." आईंचं उजवं अंग गेलं होतं, वाचा गेली होती. त्या त्यांच्याकडे पाहत राहिल्या. प्रशांत उठून बाहेर गेला. दसऱ्याचा कार्यक्रम नानांनी फोन करून रद्द केला, त्यात घरच्या आजारपणाचं कारण दिलं, आणि खरं तर वळसा चाललाही नव्हता.

आईंना घरी आणलं, खालच्या खोलीत पलंग टाकला. आठवडाभराने नाना वरून फळ्या उतरवायला लागले. स्टुलांवर फळ्या ठेवून त्यांनी आईंच्या पलंगाभोवती रूळ घातला, आणि सॉकेट उशाशी होतं म्हणून वायरीचा मुख्य टाका उशाशी मारला. मी पुढे झाले तर म्हणाले, हात लावू नको. तो एक टाका मारायला त्यांना अख्खी सकाळ लागली. बोटं भाजली. मग गाडी निघाली, पलंगाला वळसा घालून पायथ्याशी गेली, परत उशाशी आली. शेजारच्या बायका पाहायला आल्या आणि एकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी मी आईंना पेज भरवायला गेले तर गाडी थांबलेली होती. आईंच्या डाव्या हातात ती वायर होती, टाक्यासकट उपटलेली.

नानांनी पाहिलं. "कच्चा राह्यला," म्हणाले, आणि पुन्हा आयर्न तापवलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उपटलेली. त्यांनी पुन्हा मारला. हे कित्येक महिने चाललं. सकाळी नाना टाका मारत, थरथरत्या हाताने, दिवसेंदिवस जास्त वाईट, आणि कधीतरी दुपारी आई तो ओढून काढत. फिजिओथेरपीवाला यायचा तो म्हणायचा, काकूंच्या डाव्या हातात फार ताकद आली आहे. मला एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. तो टाका उशाशी ठेवायची काही गरज नव्हती. चार हात वायर वाढवली असती तर तो पायथ्याशी गेला असता, आईंचा हात पोचला नसता. चाळीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. मी एकदा तसं सुचवलं. नाना म्हणाले, "राहू दे. ओढून पाह्यते ती." त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मला त्या कौतुकाची शिसारी आली.

हळूहळू आईंना शब्द येऊ लागले. आधी पाणी, मग प्रशांतचं नाव, मग माझं. एक दिवस दुपार उलटली तरी वायर जागेवर होती. गाडी फिरत होती. नाना खुर्ची ओढून पलंगाजवळ बसले, बराच वेळ गाडी पाहत राहिले, आणि मग मला म्हणाले, "आज सोडली तिनं." मला वाटलं, सुटलं एकदाचं.

आईंनी त्यांच्याकडे मान वळवली. तोंड वाकडं होतं, जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ आले. "तुम्ही खाली वाकले नाही," त्या म्हणाल्या.

नानांनी गाडी बंद केली. मी मनात म्हणत होते, आता तरी बोला काहीतरी, कसंही बोला. ते म्हणाले, "वाकून काय झालं असतं? मी काय डाक्टर व्हतो?"

आईंनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर त्या नानांशी एक शब्दही बोलल्या नाहीत. नानांनी त्याच संध्याकाळी रूळ उचलले.

पुढच्या वर्षभरात नानांचा कंप साऱ्या अंगात पसरला. चालणं गेलं, मग बसणं गेलं. आई मात्र खुर्चीत बसू लागल्या होत्या. नानांचा पलंग त्याच खोलीत टाकावा लागला. दुसरीकडे जागाच नव्हती. आईंच्या खुर्चीशेजारी तिवईवर पाण्याचा तांब्या असे. नाना पाणी मागत, तर आई तो तांब्या उचलत नसत. त्या मला हाक मारत. "सूनबाई, त्यांना पाणी पाहिजे." आवाज शांत, राग नाही. मी स्वयंपाकघरातून यायची, त्यांच्या हाताशी असलेला तांब्या उचलायची आणि नानांच्या ओठांना लावायची. नाना पिताना आईंकडे पाहत. त्या खिडकीबाहेर पाहत. त्यांनी नानांना कधी तहानलेलं ठेवलं नाही, एवढं मी शपथेवर सांगेन. मी घरात नसताना त्या शेजारणीला हाक मारत.

नाना गेले ते उन्हाळ्यात, भर दुपारी. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालू होते आणि त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. खाली आले तेव्हा नानांचं तोंड उघडं होतं आणि हात पहिल्यांदाच थिर होता. आई खुर्चीत होत्या. तांब्या भरलेला, झाकण घातलेलं.

"पाणी मागत होते," आई म्हणाल्या. "मी तुला हाक मारली."

मी म्हटलं, मला ऐकू नाही आलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं मारली होती."

मी त्यावर काही विचारलं नाही आणि पुढेही विचारणार नाही. मी नानांच्या तोंडावरून हात फिरवला, प्रशांतला फोन केला. मला त्यांची आठवण येते. लॅबमधल्या मशीनची वायर तुटली की मी अजून स्वतः टाका मारते, थंड झाला की ओढून पाहते, आणि नाकातून सोडलेला तो श्वास कुठूनतरी ऐकू येईल असं वाटतं. हे मी आईंसमोर बोलत नाही.

दहाव्याला कारखान्यातली जुनी मंडळी आली होती. नाना किती कडक होते, पण आतून कसे होते, यावर बोलणं चाललं होतं. कोणीतरी पलंगाभोवतीच्या रेल्वेची गोष्ट काढली. बायको अंथरुणाला खिळली तर या माणसाने थरथरत्या हातांनी तिच्यासाठी गाडी बांधली, रोज सकाळी बसून टाके मारले, असं एक जण दुसऱ्याला सांगत होता, आणि सांगता सांगता त्याने चष्मा काढून पुसला. ही गोष्ट आमच्या राजपुरा मोहल्ल्यात सगळ्यांना माहीत होती. मग जे सगळ्यात म्हातारे होते ते आईंच्या खुर्चीपुढे जाऊन बसले, त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "वहिनी, नशीबवान आहात. असा माणूस कोणाला मिळतो?"

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. आईंनी डाव्या हाताने पदर सारखा केला आणि त्या गृहस्थांकडे नीट, आदराने पाहिलं.

"चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या. "उन्हातून आलात."